डायनासोरसाठी रडलेलं जंगल

बाळांनो, एका जंगलात एक गुहा होती आणि त्या गुहेत एक अस्वल राहायचं. एके दिवशी त्या अस्वलाने गुहेत पांढरा पडदा लावला आणि स्वतः बाहेर झाडाखाली राहायला आलं. त्या दिवसापासून सगळे त्याला अस्वलशेठ म्हणू लागले.

गुहेत वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीतल्या जंगलात वीज असते. आपल्या गावात ती का नसते, ते मोठ्यांना विचारा. मला नको.

तर त्या गुहेचं नाव पडलं गुहा टॉकीज. रोज दुपारी एक खेळ. अस्वलशेठने पहिलाच सिनेमा आणला तो डायनासोरचा. कार्टूनचा. नाव 'डुलकूची आई'. दारावर पाटी लावली, 'सहकुटुंब, सहपरिवार, शेपटीसकट या!'

सिनेमाची गोष्ट साधी होती. डुलकू नावाचं एक डायनासोरचं पिल्लू असतं. जमीन हादरते आणि ते आईपासून दुरावतं. मग ते डोंगर चढतं, नद्या ओलांडतं, मधे मधे गाणी म्हणतं. शेवटी दलदलीत रुततं आणि "आई! आई!" अशी हाक मारतं. आई धावत येते, त्याला बाहेर काढते, आणि सगळे डायनासोर नाचतात. पुढे सगळे डायनासोर मेले. पण ते सिनेमात नव्हतं. कौटुंबिक सिनेमा तेवढं येण्याच्या आत संपवतात.

पहिल्या दिवशी गुहा अर्धी रिकामीच होती. पोपट म्हणाला, "गाणी बरी आहेत." घोरपड म्हणाली, "आमचे पूर्वज असे गुबगुबीत नव्हते. आमच्या घराण्याची चेष्टा चालवलीय." मोर पंधरा वेळा म्हणाला की तो असले सिनेमे बघत नाही, आणि पंधराही वेळा तो पहिल्या रांगेतून म्हणाला.

पिल्लांना मात्र मजा आली. डुलकू पडला की ती हसायची. डुलकूच्या नाकातून शेंबूड लोंबायला लागला तेव्हा तर ती लोळायचीच बाकी राहिली. एका रानडुकराच्या पिल्लाने मोठ्याने विचारलं, "आई, हा शी कुठे करतो?" त्यावर सगळी गुहा हसली. अस्वलशेठ तेवढे हसले नाहीत. हसणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

आणि मग तो दलदलीचा प्रसंग आला. डुलकू पोटापर्यंत चिखलात गेला. त्याने हाक मारली, "आई!"

तेवढ्यात मधल्या रांगेतून हुंदका आला.

नयनाताई रडत होती. नयनाताई म्हणजे एक चितळ हरणी. शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ओढ्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत राहायची. तिला एक लहान मुलगी होती, ठिपकी नावाची. ठिपकीच्या आधीही एक पाडस होतं. गेल्या उन्हाळ्यात ते पाण्यावर गेलं आणि परत आलं नाही. नयनाताईने हाका मारल्या, शोधलं, आणि मग पाऊस आला. त्या वेळी कुणी तिला फारसं काही विचारलं नव्हतं. जंगलात असं होतंच, म्हणून सगळे चरायला निघून गेले होते.

ते सगळं त्या क्षणी तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. ती तोंड लपवायला बघत होती, पण हरणाला लपवायला तोंडापुढे काय असतं? एकेक करून सगळे तिच्याकडे वळले. पडद्यावर डायनासोर नाचत होते तरी सगळे तिलाच बघत होते.

खेळ सुटल्यावर ओढ्यावर डायनासोरचं कुणी नावच काढलं नाही. बोलणं एवढंच, "ती हरणी किती रडली, बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी अस्वलशेठ करवंदीच्या जाळीशी आले. सोबत आवळे होते.

"ताई, तुमचं रडणं लोकांना फार आवडलं," ते म्हणाले.

"आवडलं?" नयनाताईला काही समजेना.

"म्हणजे, भिडलं. आज पण या. पहिल्या रांगेत जागा ठेवलीय तुमच्यासाठी. कोपऱ्यात नको, मधोमध."

"पण मला मुद्दाम रडता येत नाही हो."

"मुद्दाम कोण म्हणतंय? तुम्ही बसा फक्त. बाकी डुलकू बघून घेईल."

खोटं कशाला सांगू बाळांनो, नयनाताईला बरं वाटलं. गेल्या उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या दाराशी येऊन तिच्या रडण्याबद्दल बोललं होतं. ती गेली. आणि रडली. थोडी डुलकूसाठी, थोडी स्वतःसाठी, आणि थोडी सगळे बघत होते म्हणून.

दारावरची पाटी बदलली. 'नयनाताई ढसाढसा रडल्या. तुम्ही?'

आता हा प्रश्न असा होता की त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. जो तो गुहेत घुसू लागला. आणि आत गेला की रडू लागला. हत्ती रडला तेव्हा पुढच्या दोन रांगा ओल्या झाल्या. कोल्हीण रडता रडता बेशुद्ध पडली आणि शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "कुणी बघितलं का?" मोर म्हणाला की तो असल्या सिनेमांना रडत नाही, आणि हे सांगताना रडला. घोरपडीने डायनासोर आपलेच पूर्वज असल्याचं जाहीर करून सुतकच धरलं.

लोंबकर नावाचा एक वानर होता. त्याच्याकडे मोबाईल होता. तो गुहेच्या छताला उलटा लटकायचा आणि खाली रडणाऱ्यांचे व्हिडिओ काढायचा. संध्याकाळी ते सगळे ओढ्यावर बसून बघायचे. आपण कसे रडलो ते बघायचे. "माझा डावा डोळा छान आलाय," ससा म्हणायचा. "उद्या उजव्या बाजूने काढ हं."

दिवसभराची विचारपूसही बदलली. पूर्वी भेटलं की विचारायचे, चारा कुठे चांगला आहे? आता विचारायचे, "तुमचं किती वेळा झालं? कुठल्या सीनला फुटलात?" आणि एखादा म्हणाला की मी अजून गेलो नाही, तर त्याच्याकडे असं बघायचे, जणू त्यानेच डुलकूला दलदलीत ढकललं.

एक अडचण मात्र होती. पिल्लं.

मोठे रडायला लागले की पिल्लं हसायची. डुलकूचा शेंबूड आला की टाळ्या वाजवायची. एकदा सरपंचांचा हुंदका ऐन रंगात आला होता, आणि पाठीमागून कुणीतरी त्याची हुबेहूब नक्कल केली. सरपंच म्हणजे गवा. एवढा मोठा गवा, त्याचा हुंदका तो काय साधा हुंदका? त्यांना फार लागलं.

अस्वलशेठने लगेच नवी पाटी लावली, 'कौटुंबिक चित्रपट. लहान मुलांना आत आणू नये.'

सगळ्या आयांना हे पटलं. "खरंच, मुलं बरोबर असली की आईच्या प्रेमाचा सिनेमा नीट बघताच येत नाही," कोल्हीण म्हणाली. तेव्हापासून पिल्लं बाहेर जांभळाखाली थांबू लागली. त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी असावं, असं सगळ्यांचं मत होतं. मत होतं, म्हणून प्रत्येकाला वाटलं की दुसरं कुणीतरी असेल.

नयनाताईचं काय झालं म्हणता? तिचं रडणं आटत चाललं होतं. रोज तोच चिखल, तोच डुलकू, तीच हाक. किती रडणार? एका दुपारी तिचे डोळे कोरडेच राहिले. लोक चुळबुळले. खेळ सुटल्यावर अस्वलशेठने तिला बाजूला घेतलं.

"ताई, आज काही जमलं नाही."

"आलंच नाही रडू. मी काय करू?"

अस्वलशेठने आवाज मऊ केला. "गेल्या उन्हाळ्याचं आठवा ना," ते म्हणाले.

नयनाताई एकदम मागे सरकली. हे यांना माहीत होतं! माहीत होतं आणि आजवर एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला वाटलं, निघून जावं. पण ठिपकी तिथेच बाजूला उड्या मारत होती आणि येणारा जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून म्हणत होता, "ही नयनाताईंची मुलगी बरं का!" नयनाताई गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गेला उन्हाळा आठवला आणि ती रडली. मग रोज आठवू लागली. ते हरवलेलं पाडस, ती पाण्याकडची वाट, तो रात्रभर मारलेल्या हाकांनी बसलेला आवाज. रोज दुपारी, पहिल्या रांगेत, मधोमध.

आता दोघींची ओळख करून देतो, कारण पुढे त्यांचं काम आहे.

एक होती साळूमावशी. साळिंदर. अंगभर काटे आणि तोंडात स्पष्ट शब्द. दोन्हींमुळे तिच्याजवळ कुणी फारसं बसायचं नाही. ती नयनाताईच्या जाळीमागेच राहायची. तिने सिनेमा बघितला नव्हता. पण रोज कुणी ना कुणी टोचायचं, "मावशी, अजून रडला नाहीत?" शेवटी कंटाळून ती म्हणाली, "येते बाई एकदा. रडून टाकते आणि मोकळी होते."

दुसरी होती मगरआत्या. ती ओढ्याच्या डोहात राहायची. ती सिनेमाला पहिल्याच आठवड्यात आली होती आणि बिचारीला खरोखर रडू आलं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून सगळी गुहा खदाखदा हसली. "मगर रडतेय! मगर रडतेय!" लोंबकरने तर ते झूम करून काढलं. तेव्हापासून ती अगदी मागे, दाराशी, अंधारात बसायची. डोळे पुसून घ्यायची आणि कुणी बघितलं तर धूळ गेली म्हणायची. सगळे जिथे खोटं रडत होते, त्या गुहेत हिला एकटीला खरं रडणं लपवावं लागत होतं.

तर त्या दुपारी साळूमावशी आली. मधल्या रांगेत बसली. आजूबाजूचे जरा सरकून बसले. सिनेमा सुरू झाला. नयनाताई पहिल्या रांगेत आपल्या जागी होती.

बाहेर जांभळाखाली पिल्लं खेळत होती. ती काय खेळत होती माहीत आहे? डुलकू-डुलकू. त्यात एक जण दलदलीत रुततो आणि बाकीचे त्याला ओढून काढतात. आधी कोरड्या मातीत खेळले. मग ठिपकी म्हणाली, "खरा चिखल तिकडे आहे, डोहाच्या कडेला." ती सगळ्यात चपळ. पळत गेली आणि उडी मारली. चिखल वरून सुकलेला होता, आतून नव्हता. ती पोटापर्यंत आत गेली. बाकीची पिल्लं आधी हसली. मग ती आणखी खाली गेली आणि पिल्लं घाबरून पळून गेली.

ठिपकीने हाक मारली, "आई!"

बरोबर त्याच वेळी गुहेत डुलकू दलदलीत रुतला होता. त्यानेही हाक मारली, "आई!"

गुहा शहारली.

"वा!" मोर कुजबुजला. "आज आवाज काय सुंदर लावलाय! मागून पण येतोय."

"नवीन मशीन आणलं असेल शेठने," कोल्हीण नाक पुसत म्हणाली. "अगदी आपल्या शेजारीच कुणी ओरडतंय असं वाटतं."

"आई! आई गं!" मागून आवाज आला.

सगळे ढसाढसा रडले. इतके आजवर कधीच रडले नव्हते. अस्वलशेठ दाराशी उभे राहून ते बघत होते, आणि आवाज आज इतका चांगला का येतोय, हे त्यांनाही कळत नव्हतं. पण चांगल्या गोष्टीची चौकशी कोण करतं? नयनाताईने डोळे मिटले होते. ती गेल्या उन्हाळ्यातल्या पाडसाची हाक आठवत होती. आज ती फार स्पष्ट आठवत होती. ती अशी रडली की लोंबकर छतावरून खाली पडायचा राहिला.

साळूमावशी मात्र पडद्याकडे बघत होती. पहिल्यांदाच बघत होती ना, म्हणून नीट बघत होती. तिला दिसलं की डुलकूचं तोंड मिटलं. आई आली, तिने त्याला बाहेर काढलं. आणि तरीही हाक येतच होती.

ती उठली.

"मावशी, खाली बसा!"

"अगं, बाहेर कुणीतरी पिल्लू ओरडतंय."

"आत पण ओरडतंय! तिकडे बघा की!"

"आतलं थांबलंय. बाहेरचं थांबलं नाही. ऐका जरा!"

"श्शूऽऽ!" अख्खी गुहा म्हणाली.

साळूमावशी निघाली. रांग अरुंद आणि हिचे काटे लांब. सशाला टोचलं. कोल्हिणीला टोचलं. सरपंचांना तर बसायच्या जागीच टोचलं. ते ओरडले, आणि त्यांचं ओरडणं सिनेमात नव्हतं, हे मात्र सगळ्यांना लगेच कळलं. "माणुसकी नाही हो हिला!" घोरपड म्हणाली. जंगलात हा शब्द कुठून आला, देव जाणे. "दगड आहे दगड! या सीनला कुणी उठतं का?"

दाराशी मगरआत्या बसली होती. साळूमावशी तिला म्हणाली, "आत्या, चला. डोहाकडे कुणीतरी अडकलंय. मला ओढता यायचं नाही, माझ्या अंगाला कोण धरणार?"

मगरआत्या घुटमळली. "मी पिल्लाजवळ गेले तर लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतीलच. चला लवकर."

दोघी धावल्या. डोहाच्या कडेला ठिपकीची फक्त मान वर होती. हाकसुद्धा निघत नव्हती आता. तिने चिखलातून येणारी मगर बघितली आणि भीतीने डोळे मिटून घेतले. साळूमावशी काठावरून ओरडत होती, "घाबरू नको गं, ती आपलीच आहे. हलू नको. अजिबात हलू नको!"

मगरआत्याने जबडा उघडला. आपली पिल्लं अंड्यातून निघाली की ती त्यांना तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते, एक ओरखडा उठू देत नाही. तसंच तिने ठिपकीला मानेमागे धरलं आणि मागे सरकू लागली. इंच इंच. चिखल सोडत नव्हता. साळूमावशीने वाळकी झुडपं ओढून आणली आणि खाली टाकली. शेवटी एक मोठा पचक आवाज झाला आणि ठिपकी बाहेर आली. ती चिखलाने इतकी माखली होती की तिचे ठिपके दिसत नव्हते. पण श्वास चालू होता.

खेळ सुटला. डोळे पुसत सगळे बाहेर आले आणि त्यांनी काय बघितलं? मगरीच्या तोंडाजवळ पाडस.

"मारलं! मारलं!" असा एकच कालवा झाला. कुणी दगड उचलला, कुणी झाडावर चढलं. साळूमावशी मधे उभी राहिली. काटे फुलवून. त्यामुळे दगड कुणी मारला नाही.

नयनाताई गर्दीतून पुढे आली. तिला आधी ठिपकी ओळखूच आली नाही. मग ठिपकीने डोळे उघडले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, मी किती हाका मारल्या."

नयनाताई तिच्याजवळ बसली. तिच्या तोंडावरचा चिखल चाटू लागली. कान चाटले, डोळे चाटले, मान चाटली. आणि तिच्या डोळ्यांत एक थेंब आला नाही.

लोंबकर जवळ सरकला. "ताई, जरा इकडे बघून. आणि रडा ना! एवढा चांगला प्रसंग आहे."

नयनाताईने त्याच्याकडे बघितलं. तिला खरंच रडायचं होतं. पण रडण्यासाठी जे काही आत असतं, ते तिने रोज दुपारी थोडं थोडं काढून दिलं होतं. आता लागलं तेव्हा तिथे काही नव्हतं.

"बघा," कोल्हीण मागून म्हणाली, "डायनासोरसाठी काय रडत होती! आणि पोटच्या पोरीसाठी डोळा ओला नाही."

बाळांनो, खरं तर गोष्ट इथे संपायला हवी. पण जंगलात सरपंच असले की सभा होते.

सभा झाली. सरपंच उभेच होते. बसता येत नव्हतं. आरोप वाचले गेले. साळूमावशीवर आरोप असा की ती ऐन भावुक प्रसंगात उठली आणि कित्येक प्रेक्षकांच्या भावनांना आणि इतर ठिकाणी इजा केली. मगरआत्यावर आरोप असा की तिने एका पाडसाला तोंडात धरलं.

"वाचवायला धरलं," साळूमावशी म्हणाली.

"तोंडात धरलं की नाही, तेवढं सांगा," सरपंच म्हणाले.

"धरलं."

"झालं तर मग."

अस्वलशेठ उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "मंडळी, माझं नुकसान झालं ते सोडा. पण एका आईचं प्रेम दाखवणाऱ्या सिनेमाचा हा अपमान आहे. तिथे डुलकू मरणाच्या दारात आणि ही बाई उठून चालली! हिला हृदय आहे का?"

"नाही, नाही," सभा म्हणाली. काहींनी रडूनही दाखवलं.

मग सरपंचांनी नयनाताईला बोलावलं. अस्वलशेठ तिच्या कानाशी लागले. "ताई, एवढंच सांगा की बाहेरचा आवाज आत ऐकूच येत नव्हता. प्रश्न मिटेल. तुमची पहिल्या रांगेतली जागा कायम."

नयनाताई सभेच्या मधोमध उभी राहिली. ठिपकी तिच्या पायांना चिकटून होती.

"मला ऐकू आला होता," ती म्हणाली.

अस्वलशेठ लांबूनच तिला खुणा करू लागले.

"पहिल्या हाकेपासून ऐकू आला होता. माझ्या मुलीचा आवाज मला ओळखू येत नाही का? पण मी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आज आपल्याला किती छान आठवतंय. आज किती चांगलं रडू येतंय." ती जरा थांबली. "ती मला हाका मारत होती आणि मी त्या हाकांवर रडत होते. मावशी उठली. मी नाही उठले. शिक्षा कुणाला करायची ती करा."

क्षणभर पानही हललं नाही. साळूमावशीला वाटलं, कळलं यांना. आता कळलं.

मग पाठीमागून एक हुंदका आला. सशाचा. मग हत्तीचा. मग कोल्हीण बेशुद्ध पडली. सगळी सभा धाय मोकलून रडू लागली. "काय बोलल्या! काय बोलल्या!" मोर म्हणाला. "सिनेमापेक्षा भारी!" लोंबकरने सगळं काढलं होतं. "ताई," तो ओरडला, "शेवटचं वाक्य परत एकदा म्हणाल का? मधे हत्तीची सोंड आली."

नयनाताईने मान खाली घातली आणि ठिपकीला घेऊन ती सभेतून निघून गेली.

निकाल लागला. साळूमावशीला गुहा टॉकीजमध्ये कायमची बंदी. मगरआत्याला डोहाच्या काठावर यायला बंदी. तिने फक्त पाण्यात राहायचं, आणि तिथेही तोंड मिटून. लोंबकरच्या व्हिडिओवर अस्वलशेठने पुढचा सिनेमा काढायला घेतला, 'ठिपकीची आई'. त्यात साळिंदर नाही. अस्वलशेठ म्हणाले, काटे पडद्यावर चांगले दिसत नाहीत. मगर आहे. ती पाडसाला पळवते. आणि एक गवा त्या पाडसाला वाचवतो. सरपंचांनी ती भूमिका स्वतःच बराच आग्रह करून स्वीकारली.

नयनाताईला पहिल्या खेळाचं आमंत्रण आलं. ती गेली नाही. सगळे म्हणाले, "डोक्यात हवा गेली." तिच्या जागी आता लांडोर बसते. ती छान रडते, आणि तिला काही आठवावंही लागत नाही.

दुपारी सगळे आत गेले की नयनाताई जांभळाखाली येऊन बसते. साळूमावशीही येते, जरा लांब बसते. डोहात मगरआत्याचे फक्त दोन डोळे वर असतात, आणि ते पिल्लांवर असतात. पिल्लं खेळतात, भांडतात, मावशीच्या काट्यांना जांभळं टोचून ठेवतात. आतून मधेच "आई!" अशी हाक येते आणि पाठोपाठ सगळ्या गुहेचं रडणं येतं. नयनाताईला माहीत असतं की ती सिनेमातली आहे. तरी प्रत्येक वेळी ती उठते, आणि एकेका पिल्लाजवळ जाऊन बघून येते.

तात्पर्य : दुसऱ्याचं दुःख बघून डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. मात्र ते दुःख पडद्यावरचं आहे, याची आधी नीट खात्री करून घ्यावी. पडद्याबाहेरचं दुःख असेल तर त्याच्यासाठी जागेवरून उठावं लागतं; आणि आपण उठलो की मागे बसलेल्या सज्जनांना सिनेमा दिसत नाही.